उजवा कान

माझ्या वडिलांना सोलापूरच्या कोर्टातले बाकीचे वकील ‘चुलीचा वकील’ म्हणून चिडवत. काडीमोड, दत्तक, पोराचा ताबा असले घरगुती खटलेच ते घेत आणि कागद मागण्याआधी पक्षकाराला आमच्या घरी जेवायला बसवत. ‘कोर्टात कुणीही खोटं बोलेल, ताटावर ते जमत नाही,’ असं त्यांचं म्हणणं. मला त्या नावाची तेव्हा लाज वाटे. मी मूर्ख होते, दुसरं काय!

एकदा मोहोळकडची एक बाई सात-आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आली. पंचांसमोर काडीमोड होऊन पाच वर्षं झालेली. एवढ्या काळात नवऱ्यानं पोरीकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. आता दुसरीला मूल झालं, ते सांभाळायला त्याला ही आठवली. कायद्यानं पोर बापाची, म्हणून त्यानं ताब्यासाठी अर्ज ठोकला होता.

जेवताना मी पोरीच्या डाव्या हाताला बसले. शेंगाची चटणी वाढू का, असं तीनदा विचारलं. उत्तर नाही. ‘शिष्टच आहे ही!’ मी फणकारले. तिच्या आईनं मान खाली घातली. माझी आई वाढता वाढता थांबली.

‘अगं, उजवीकडून बोलून बघ.’

बोलले, तर पोरीनं लगेच ताट पुढं केलं. तान्हेपणी कान फुटून डावा कान गेला होता. बाईनं ते माझ्या वडिलांपासूनही लपवलं होतं. बहिरी म्हणून बोभाटा झाला, तर पोरीला करून घेणार कोण?

‘हे कोर्टात बोलायचं का, ते तुम्ही ठरवा बाई,’ वडील म्हणाले. ‘तुम्ही नको म्हणालात, तर माझं तोंड बंद.’

ती बराच वेळ भाकरीचा तुकडा चुरत राहिली. ‘बोला वकीलसायेब. भैरी म्हनू द्यात, पर माजी म्हनू द्यात.’

सुनावणीला मी हट्ट करून आईबरोबर मागच्या बाकावर बसले. बापाची तक्रार होती, ‘पोरीला फितवलंय सायेब. मगाशी भाईर शेजारी हुबं ऱ्हाऊन हाक मारली, तर वळून बगंना.’ जेवताना मी केली तीच ही चूक! वडिलांनी एकच प्रश्न केला. ‘तुमच्या लेकीला कोणत्या कानानं ऐकू येतं?’

‘दोनी कानांनी की! ह्यो काय सवाल हाय?’

न्यायाधीश खुर्चीवरून उठून खाली आले. पोरीच्या डावीकडं उभं राहून त्यांनी हळूच हाक मारली. ती समोरच बघत राहिली. उजवीकडून मारली, तशी म्हणाली, ‘जी.’

अर्ज फेटाळला गेला. पोर आईपाशी राहिली. त्या दिवशी कुणी ‘चुलीचा वकील’ म्हणालं असतं, तर मी ठणकावून सांगितलं असतं, होय, ते माझे वडील, आणि ती चूल माझ्या आईची.

संध्याकाळी मायलेकी पुन्हा आमच्याकडं जेवल्या. मी पोरीच्या उजवीकडं बसले आणि अखंड बडबडले. शेवटी तिनं हातातला घास खाली ठेवला.

‘तू लई बोलतीस की,’ ती म्हणाली, आणि वळून डावा कान माझ्याकडं केला.