तीन चंद्रांखालचं पंपघर

“पाणी कुठून येते, ते सांगा आधी.”

डबा उघडता उघडता ऑफिसातले भाऊ हेच विचारायचे. नळाचं नव्हे हो, परग्रहाचं! रायपूरच्या पाणीपुरवठा कार्यालयात ते नकाशे काढायचे, मी आवक-जावक सांभाळायची. रद्द नकाशांच्या पाठीवर ते खेळासाठी नवी जगं आखत. एकानं गोष्ट सांगायची, टेबलाभोवतीच्या बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, अडलं की फासा टाकायचा आणि आकडा पाहून पुढं काय झालं ते सांगणाऱ्यानं ठरवायचं, असा तो खेळ. त्यांच्या जगात रॉकेट सगळ्यात शेवटी. आधी पाणी, मग गटार.

“गटार काहून, भाऊ?” मी एकदा हसले.

“लोक राहून राहिले न तिथं, दीदी.”

लोक कुठले! डोक्यावर तीन चंद्र असलेलं अख्खं गाव तयार, आणि खेळायला एक माणूस नाही. बायको गेलेली, मुलगी बंगळुरूला. समता कॉलनीतल्या घरात दर रविवारी चार खुर्च्या मांडून बसायचे. शेजारची पोट्टी विचारत, “अंकल, ये मोबाइल पे आता है क्या?” नाही म्हटलं की पसार.

“सांगणारा मी आहो. पण करणारं कोणी पाह्यजे न,” ते म्हणत.

दर शुक्रवारी मला विचारायचे. मीही दर शुक्रवारी म्हणायची, “हव भाऊ, या रविवारी नक्की.” मग कधी अभनपूरचं लग्न, कधी नुसता कंटाळा. खरं सांगू? या वयात खेळायला जायची लाज वाटायची. तुम्ही तरी गेला असता का?

एका सोमवारी ते आलेच नाहीत. झोपेतच गेले, असं दुपारी कळलं.

तेराव्याला त्यांच्या मुलीनं माझ्या नावाचं पाकीट हातात दिलं. आत नकाशा, एक फासा आणि खेळातल्या माझ्या पात्राचा एक कागद. त्यावर त्यांचं रेखीव अक्षर: “दीदी. पंपघर त्यांच्याकडे. स्वभाव तापट, मनानं चांगल्या.” खाली रविवारमागून रविवार एकच ओळ: “दीदी आल्या नाहीत. पंप बंद. गाव थांबून आहे.”

मला तिथंच रडू फुटलं. सगळं गाव तहानलेलं ठेवलं मी, आणि हा माणूस मला मनानं चांगली म्हणतो!

गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. “पंप सुरू करते, भाऊ,” मोठ्यानं म्हटलं आणि फासा टाकला.

सहा पडले. सहावर पंप सुरू होतो की जळतो, ते सांगणारं आता कोणी नाही.