कॉम्प्युटरवर पुसलेलं कुंकू

कामथडीच्या मंगलला वैधव्य आलं तेव्हा तिचा नवरा हनुमंत ओसरीवर बसून दुसऱ्यांदा रस्सा मागत होता. बातमी आणली शेजारच्या गोरखनं. शिवऱ्याजवळ हायवेला भलाथोरला फलक लागलाय, त्यावर वहिनी आहेत, कपाळ पांढरंफटक, आणि खाली लिहिलंय: ‘हेल्मेट नव्हतं. आता कुंकूही नाही.’

फोटो बचत गटाच्या बैठकीतला. पुण्याहून जाहिरातवाल्या शुभदाताई आल्या होत्या. हेल्मेटच्या प्रचाराला काळजीत पडलेली बायको हवी, म्हणाल्या. मंगलला काळजीचा अभिनय करावा लागला नाही; तिचं लग्न हनुमंतशी झालं होतं. कुंकू काढायला मात्र तिनं साफ नकार दिला. “राहू द्या हो,” ताई गोड हसल्या. पुसायचं काम पुढं कॉम्प्युटरनं केलं.

मंगलनं फोनवर जाब विचारला तेव्हा ताईंनी तिला शास्त्र समजावलं. नुसतं सांगून माणूस सुधारत नाही. तो घाबरला पाहिजे.

माणसं घाबरली. गावात हेल्मेट एकही वाढलं नाही. पण सकाळी मंगल आडवी आली की कंपनीत निघालेले बाप्ये गाडी वळवून घरी जात आणि पाणी पिऊन पुन्हा निघत. मरण डोकं आपटून येत नाही, मंगलचं तोंड पाहून येतं, एवढा बोध गावानं फलकावरून घेतला होता. संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी करत फिरणाऱ्या बायका तिच्या दारावरून चपला न वाजवता पुढं गेल्या. या बायकांच्या अकलेबद्दल मंगलला कधीच आदर नव्हता. पण बिनअकलेच्यांनी वाळीत टाकावं, हे फारच झालं.

“हनम्या, हिला गाडीवर घाल आन् समद्यास्नी दावून आन,” सासूनं, धोंडाबाईनं, उपाय काढला. “त्ये टोपडं घालू नगंस. त्वांड दिसू दे.”

हेल्मेट न घालायला हनुमंतला आजवर कारण नव्हतं. आता धर्मकार्याचं मिळालं. मंगलला मागं बसवून, निवडून आल्यासारखा हात हलवत तो बोडक्यानं गावोगाव फिरला.

अखेर वरव्याच्या स्नेहलचं बोलावणं आलं. चुलत जाऊ, शिकलेली. हळदीकुंकवाला करंडा घेऊन ओळीनं बायकांना कुंकू लावत येताना ती मंगलपुढं थबकली.

“भाऊजी आहेत, मला ठाऊक आहे हो जाऊबाई. पण हात पुढं होईना.”

“भाईर हुबं हायेत. बघून ये.”

स्नेहल खरंच गेली. मागोमाग आणखी दोघी-तिघी. बाजारात बैल पाहावा तसा त्यांनी हनुमंत पाहिला. त्यानंही केसांतून हात फिरवून दाखवला. मग मंगलला कुंकू लागलं, इतरांपेक्षा अंमळ मोठं. वाण म्हणून प्लॅस्टिकची गाळणी मिळाली.

बाहेर हनुमंतनं गाडी चालू केली. “झालं न्हवं? बस.”

“हेल्मेट कुठंय?”

“त्यात आईनं लसूण ठिवलाय. आन् आता कशाला? पटलं की त्यास्नी.”

मंगल बसली नाही. पदर खोचून चालू लागली. हनुमंत पाय घासत गाडी तिच्या बाजूनं नेऊ लागला.

“अगं, लोकं बगत्यात.”

“बगू द्या. उद्या तुमी मेलात तर ह्या बाया म्हनतील, फोटोत आदीच दिसलं हुतं. ह्यास्नी शाणं ठरवायला म्या न्हाई बसायची तुमच्या मागं.”

हनुमंतनं थोडा विचार केला. मग गाडी बंद करून, ढकलत, तो तिच्या मागून चालू लागला.