सातवीचं नवं गणित

सातवीला नवं गणित आलं तेव्हा मी आष्ट्याजवळच्या एका गावात शिकवत होते. नोकरीचं तिसरं वर्ष. त्याआधी आम्हाला सांगलीला दहा दिवसांच्या शिबिराला बोलावलं होतं. तिथले गृहस्थ पुस्तक वाचून दाखवायचे, आणि कुणी शंका काढली की तेच पान पुन्हा वाचायचे. संच, उपसंच, छेद, संयोग हे शब्द मी वहीत उतरवून आणले आणि तसेच फळ्यावर उतरवले. पोरं निमूटपणे गोल काढायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक पालक आले. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता घरचा ऊस बघत होते. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. व्हरांड्यातच त्यांनी तिची वही उघडली.

"बाई, पोरीला सोळाचा पाढा येत न्हाई, आन वहीत नुसत्या भाकरी काढल्यात. ह्ये काय हाय?"

"संच आहेत ते. सरकारनंच लावलंय पुस्तक."

"व्हय, पर त्येचा उपेग काय?"

मला राग आला. उत्तर येत नव्हतं म्हणून जरा जास्तच आला. शेजारच्या खोलीत हेडमास्तर बसलेले होते, तरी तोंडातून निघून गेलं, "खरं सांगू? मलाच ते नीट कळलेलं नाही."

आता हे तक्रार करणार, असं मला वाटलं. पण त्यांनी वही मिटली.

"आमच्याकडं नवी रायफल आली तवा उस्तादालाबी येत न्हवती. त्यानं आमच्याम्होरंच ती खोलली. चुकला, परत जोडली. आमी बघून शिकलो." जाताना म्हणाले, "पर पाढे घ्या, बाई."

दुसऱ्या दिवशी मी पहिला अर्धा तास पाढे घेतले. मग वर्गाला सांगितलं की हे गणित मीही तुमच्याबरोबर शिकणार आहे. पटांगणात फक्कीनं एकमेकांत शिरलेले दोन मोठे गोल आखले. घरी म्हैस असलेल्यांनी एका गोलात जायचं, शेळी असलेल्यांनी दुसऱ्यात. पोरं धावली. दोन्ही असलेली आधी गोंधळली, मग आपणहून मधल्या भागात जाऊन उभी राहिली. छेद म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

बाहेर तीन मुलं उरली होती. त्यांच्या घरी काहीच नव्हतं. त्यातल्या एकीनं खाली बघत हळूच एक पाय म्हशीच्या गोलात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईनं प्रश्न बदलला. कुणाला पोहता येतं, कुणाला झाडावर चढता येतं? ती पोरगी सगळ्यांच्या आधी मधल्या भागात पोचली. त्यानंतर कुणाच्या घरी काय आहे, हे मी वर्गात कधी विचारलं नाही.

हवालदारांच्या मुलीनं मात्र ते गणित माझ्याहून लवकर उचललं. ती घरी वडिलांना शिकवते, असं कानावर आलं. मला ते खरं वाटलं नव्हतं.

वार्षिक परीक्षेचे पेपर दाखवायच्या दिवशी ते आले. मुलीचा पेपर घेऊन बाकावर बसले आणि बोट ठेवत प्रत्येक ओळ वाचत गेले. चौथ्या प्रश्नावर बोट थांबलं.

"बाई, दोन मार्क कमी दिल्यात तुमी. ह्यो उपसंच बरोबर हाय."

मी पेपर हातात घेऊन पुन्हा तपासला. त्यांचं बरोबर होतं. मी लाल शाईनं मार्क वाढवले आणि शेजारी सही केली.