बाळासोचा गांधार

फ्यूजन म्हणं! गिटारवाला एका तालात, ड्रमवाला भलत्याच, मधी गाणारा केस झटकतोय, आणि वर सांगायचं, आम्ही शास्त्रीय संगीत तरुणांपर्यंत नेलं. नेलं की, फरफटत नेलं.

आमचा बाळासो बिद्रीच्या कारखान्यात फिटर होता. बाजाच्या पेट्या सुरात लावायचा नाद तेव्हापासूनचा. आता कसबा बावड्यात एका खोलीत तेच काम करतो. आक्काताई आमच्या गाण्याच्या बाई, त्यांच्या क्लासात मी तबल्याला असतो. त्यांची पेटी चाळीस वर्षं बाळासोशिवाय कुणी उघडली न्हाय. तंबोरा छेडून, डोळे मिटून तो एकेका सुराची पितळी पट्टी कानशीनं खरडायचा. गांधार असा लावायचा की गाता गाता आक्काताईंची मान डोलायची. त्याला जन्मात एवढंच सर्टिफिकेट मिळालं.

मागच्या महिन्यात आक्काताईंचा नातू राजवीर त्यांची पेटी घेऊन बाळासोकडं आला. बँड हाय त्याचा. केस हाईत, टॅटू हाय, फक्त गाणं तेवढं यायचं राहिलंय. मी तिथंच बसलो होतो. मोबाईल पेटीपुढं धरून म्हणतो, "काका, तुमचा गांधार उतरलाय. ॲपवर लाल दिसतोय बघा. कीबोर्डशी जुळत न्हाय."

"तंबोऱ्याशी जुळतोय की. कीबोर्डचाच चढा असतोय," बाळासो म्हणाला.

"आज्जीनंच सांगितलंय. हिरवं येईस्तोवर लावा."

आक्काताईंचं नाव निघालं आणि बाळासोनं कानस उचलली. "खरडलेलं पितळ परत यायचं न्हाय," एवढंच बोलला. हिरवं आलं तसं राजवीरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. सत्तरीच्या माणसाच्या पाठीवर! शाबासकी देतंय बेणं!

राजवीरच्या बँडचा कार्यक्रम झाला. गिटारच्या दणक्यात पेटी कुणालाच ऐकू आली न्हाय.

सोमवारी राजवीर पेटी क्लासात परत घेऊन आला. बाळासो मुद्दाम ऐकायला आलेला. आक्काताई गायला लागल्या, गांधारावर आल्या आणि थांबल्या. तोच सूर परत दाबून बघितला.

"बाळासो, कान गेले का रे तुझे?"

बाळासोनं राजवीरकडं बघितलं. ते मोबाईलात तोंड खुपसून बसलेलं. आज्जीनं काही सांगितलंच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं. पण नातवाला आज्जीपुढं खोटं पाडायचं बाळासोच्या जिवावर आलं.

"व्हय आक्का. गेलं," तो म्हणाला.

आणि मी? मघापासून एवढा तोंड वाजवणारा मी, तबल्यावर हात ठेवून गप्प. पुढच्या शोला तबल्यावर मला बसवायचा शब्द दिला होता राजवीरनं.

आता आक्काताईंची पेटी सूर लावायला मिरजेला जाते.