लिंबाच्या घराचं गिऱ्हाईक

माझ्या तोंडानं माझं किती वाटोळं केलं हे ऐकायचं असेल, तर आधी हातातला चहा संपवा. नाहीतर मधेच ठसका लागेल आणि मग मला बोल लावाल. आणि हसायचं असेल तर खाली बघून हसा. आमच्या घरातल्यांना ऐकू गेलं तर त्या बाहेर येतील, आणि त्या आल्या की गोष्ट त्याच सांगतात.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आम्ही दिंद्रुडला राहायचो. वेशीजवळ माझं तेलमिठाचं दुकान आणि आत वाण्याच्या गल्लीत घर. त्याच्या भिंतीला भिंत लागून विश्वनाथचं घर. विश्वनाथ म्हणजे माझा साडू. माझी बायको थोरली बहीण, त्याची काशी धाकटी. बहिणी बहिणी भिंतीवरून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडं करायच्या, आणि आम्ही साडू एकमेकांवर जळायचो.

चुकलो. तो नव्हता जळत. मी एकटाच जळायचो.

कशावर म्हणाल, तर कशावरही. दोन्ही घरं एकाच गवंड्यानं बांधलेली. तरी त्यानं दाराला तेल लावलं की मला माझं दार पन्नास वर्षांचं म्हातारं दिसायचं. एकदा त्याच्या म्हशीला पारडी झाली आणि माझ्या म्हशीला टोणगा. मी जेवताना बायकोशी बोलेना. जसं काही तिचंच चुकलं होतं.

त्यात ते लिंबाचं झाड, म्हणजे आपला कडुलिंब. बुंधा विश्वनाथच्या अंगणात, अगदी भिंतीला चिकटून, आणि झाड सगळं वाकलेलं आमच्या बाजूला. सावली माझ्या ओट्यावर, पाला माझ्या अंगणात, झाडायचा आम्ही. पण नाव कुणाचं? तर विश्वनाथचा लिंब. सांगा बरं, माणसाला लागेल की नाही?

तर झालं असं, की माजलगावला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर एक जागा विकायला निघाली. पुढं दुकान, मागं राहायला ऐसपैस. तिकडं धंदा कसा चालतो हे मी बघून आलेलो. दिंद्रुडात तेल विकून जन्म गेला असता, तिथं दिवस पालटले असते. मी ती जागा डोळ्यांत घालून परत आलो, तर विश्वनाथही तीच डोळ्यांत घालून बसलेला. पण दोघांचीही अडचण एकच. राहतं घर विकल्याशिवाय ती घेता येईना.

मधे दलाल एकच, रहीमचाचा. माजलगावची जागाही त्यांच्याच हातात, आणि आमची दोन्ही घरं विकायचं कामही त्यांच्याचकडं. तट्टावर बसून यायचे. त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि माझ्याकडं बघून सांगितलं, "देखो अप्पा, मेरे को दोनों सारखेच. जिसका घर पैले बिकेगा, वो पैले इसार देगा. जगा उसकी."

इसार म्हणजे बयाणा. म्हणजे आता शर्यतच लागली.

आणि मग मला दिसायला लागलं, की चाचा आले की त्यांचं तट्टू आधी विश्वनाथच्या दारात थांबतं. तिथं बसतात, गप्पा मारतात, भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येतो. मग माझ्याकडं येतात, उभ्याउभ्या पाणी पितात आणि जातात. मी बायकोला म्हणालो, "चाचा त्याला सामील हाय. गिऱ्हाईक सगळं तिकडंच वळवायलाय."

ती म्हणाली, "तिकडं च्या मिळतो म्हणून बसतेत ते. तुमी कधी इचारलं का, चाचा, च्या घेता का म्हणून?"

"च्या पाजून घरं विकतेत का कुणी?"

"न पाजून तरी कुठं विकलं?"

या बाईशी बोलण्यात अर्थ नसतो.

एके दिवशी दुपारी दुकानात बसलो होतो. वेशीत एक बैलगाडी थांबली. एक म्हातारे गृहस्थ उतरले. पांढरा स्वच्छ पटका, हातात छत्री. दुकानापाशी आले.

"राम राम, सावकार. वाण्याच्या गल्लीतलं लिंबाचं घर कोणतं हो?"

"कावून?"

"घ्यायचं म्हणतो. मी नांदूरघाटचा दौलतराव. लेक हितं दिलीय माझी. म्हातारपणी नातवंडांजवळ ऱ्हावं म्हणलं. रहीमचाचा म्हणले, लिंबाचं घर लई चांगलं हाय, पुढं जाऊन नजरंखालून घाला. त्यांना कचेरीत काम निघालं. उद्या सकाळी येणार हायेत."

लिंबाचं घर. म्हणजे विश्वनाथचं. चाचा नांदूरघाटहून गिऱ्हाईक आणतात आणि तेही त्याच्यासाठी. हा म्हातारा तिथं पोचला की घर विकलं, मोंढ्याची जागा विश्वनाथची, आणि मी इथं जन्मभर त्याच्या लिंबाचा पाला झाडत बसणार.

मी उठलो. म्हाताऱ्याला पोत्यावर बसवलं. गूळपाणी दिलं.

"तुमी वडीलधारे, म्हणून सांगतो," मी म्हणालो. "मला ह्याच्यात काय घेणंदेणं न्हाई. पण त्या घराचं माळवद गळतं."

"लई गळतं?"

"पावसाळ्यात माणसं घरात डोक्यावर पोतं घेऊन जेवतेत."

"आरं बापरे. चाचा तर काय बोलले न्हाईत."

"दलाल कशाला बोलंल? आन चुलीमागच्या भिंतीत साप हाय."

"साप?"

"जोडी हाय."

म्हातारा गुळाचा खडा हातात धरून बसला. त्याचं तोंड उतरलेलं बघून मला इतकं बरं वाटलं की मी थांबायला पाहिजे होतं तिथं थांबलो नाही. त्यानं विचारलं, "शेजार तरी कसा हाय?"

आता शेजार म्हणजे कोण? मीच की. स्वतःबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना.

"शेजारी मात्र देवमाणूस," मी म्हणालो. "कुणाचं वाईट चिंतणार न्हाई. त्याच्यामुळंच माणसं टिकली त्या घरात."

दौलतराव पुढं घर बघायला गेलेच नाहीत. आलेली गाडी तशीच लेकीच्या घराकडं वळवली. मी दुकान लवकर बंद केलं आणि बायकोला पुरणपोळी करायला सांगितली. ती म्हणाली, "कावून? सण न्हाई, वार न्हाई." मी म्हणालो, "असंच." मला पोळ्या दोन जास्तच गेल्या.

सकाळी ओट्यावर बसलो होतो तर तट्टाच्या टापा वाजल्या. वर बघतो तर तट्टू विश्वनाथचं दार ओलांडून माझ्या दारात थांबलं. माझं मन असं मोठं झालेलं, की मी स्वतः आत हाक मारली, "चाचांना च्या टाका."

चाचा उतरले. त्यांच्यामागं, ओढून आणल्यासारखे, दौलतराव.

"अप्पा, तुमारे घर को गिऱ्हाईक लाया," चाचा म्हणाले. "मैं कल इनको बोला, वो लिंब के सावली का घर देखो. पूरे गल्ली में इतनी थंडी सावली किसी के ओटे पे नै."

मी वर बघितलं. लिंबाची सावली चौघांच्याही डोक्यावर होती. हो, चौघांच्या, कारण टापा ऐकून विश्वनाथही खांद्यावर पंचा टाकून येऊन उभा राहिला होता. भिंतीवरून काशी डोकावत होती. आणि दारात माझी बायको, हातात चहा.

दौलतरावांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "ह्या घराचे मालक तुमी?"

"हौ."

त्यांची नजर हळूहळू माळवदाकडं गेली. "काल तुमीच तर म्हणला, हे गळतं म्हणून."

"कोण म्हणलं?" बायको दारातून म्हणाली. "कधी गळलं?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? हे माझ्या घराचं नाही, साडवाच्या घराचं सांगितलं होतं, असं म्हणावं, तर साडू समोर उभा. मेहुणी समोर उभी. सगळ्या सासुरवाडीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि गप्प बसावं, तर घर हातचं चाललं.

"गळतं," मी म्हणालो.

"आन चुलीमागं साप?"

"हाय."

"जोडी?"

"जोडी."

बायकोनं चहा खाली ठेवला. "रोज त्या चुलीम्होरं बसते मी. मला कसा दिसला न्हाई?"

"तुला भ्या वाटंल म्हणून सांगितलं न्हाई."

चाचा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अप्पा, तबियत तो ठीक है ना?"

दौलतरावांनी मात्र छत्री काखेत मारली आणि मला हात जोडले. "चाचा, एवढे पावसाळे बघितले, पर असा माणूस बघितला न्हाई. सोताच्या घराची खोड सोता गिऱ्हाइकाला सांगतो." मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "आन ते तुमचे देवमाणूस शेजारी कुठं हायेत?"

मी तोंड उघडायच्या आत चाचांनी विश्वनाथला दंडाला धरून पुढं केलं. चाचा दलाल होते, झोपलेले नव्हते. "ये क्या, सामने खडे हैं. इनका भी घर बेचना है."

"असल्या इमानदार माणसानं ज्याला देवमाणूस म्हणलं," दौलतराव म्हणाले, "त्याच्या घराला मी काय म्हणून नावं ठेवू?"

आणि घेतलं हो. आत जाऊन एकदा नुसती चूल बघून आले, आणि घेतलं.

विश्वनाथचे डोळे भरून आलेले. "अप्पा, तुमी मला देवमाणूस म्हणला?"

काय सांगणार? "म्हणलो," मी म्हणालो.

त्या दिवशीच चाचांनी मोंढ्याच्या जागेचा इसार विश्वनाथकडून घेतला. जायच्या दिवशी भरलेली गाडी दारात उभी, सगळी गल्ली जमलेली, आणि विश्वनाथ सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. "माझं घर आधी विकावं म्हणून अप्पांनी सोताच्या घराची बदनामी केली," असं मोठ्यानं सांगितलं. काशी म्हणाली, "दाजी, पाठचा भाऊ असं करणार न्हाई." दौलतराव मान डोलवत होते.

गाडी हलली आणि मला जो उमाळा आला तो आवरेना. ओट्यावर बसून लेकरासारखा रडलो. गल्लीतल्या बायाही डोळ्यांना पदर लावायला लागल्या. त्यातली एक माझ्या बायकोला म्हणाली, "साडवावर एवढी माया बाई कुठं बघितली न्हाई."

बायकोनं झाडू उचलला. "माया कसली आलीय," ती म्हणाली. "मोंढ्यातलं दुकान गाडीत बसून चाललंय, त्येला रडायलेत."