निखाऱ्यावरचा हात

"थांबा. अजून राग हाये तिले."

तिला म्हणजे आगीला. गोवऱ्या जळून खाली बसलेल्या, वर राखेचा पातळ थर, आणि त्यावर वीतभर उंचीवर मामांनी धरलेला उजवा तळहात. डोळे मिटलेले. शेतात साठ-सत्तर माणसं भुकेने कावलेली, पोरं परातीभोवती घिरट्या घालतायत, कुणीतरी "झालं का हो?" म्हणून तिसऱ्यांदा ओरडतंय. पण मामांनी "गेला राग, टाका" म्हटल्याशिवाय एकही रोडगा निखाऱ्यात जायचा नाही. "घाई केली का वरून जयते अन् आतून कच्चा राह्यते," ते म्हणायचे. "मानसाचंबी असंच हाये."

वऱ्हाडात मार्गशीर्ष-पौषात कुणाच्या शेतात जेवायला गेला असाल, तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नवस फेडायचा, गावजेवण घालायचं, तर रोडगे हवेतच. जाड कणकेचे पदरावर पदर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, आणि सोबत वांग्याची लालभडक भाजी. वळायला शंभर हात मिळतात. आग ओळखणारा हात मात्र पंचक्रोशीत एखादाच असतो.

एरवी हे मामा शहरात, राजापेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी विकायचे. माळ्याघरचे, तिवशाकडचे, सकाळच्या पहिल्या बसने मेथीची आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, गाठोडी घेऊन उतरायचे. माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण किती पडावं? मी कॉलेजात मराठी शिकवणारी पन्नाशीची बाई, समोर क्लासला निघालेली पोरंपोरी गाड्या थांबवून बघतायत, आणि हे भर रस्त्यात वाकून माझ्या पायाला हात लावतायत.

"अहो मामा, नका हो. लाज वाटते."

"लाज कायची? भाची हाये तू माही."

दर डिसेंबरात मी वर्गात हिवाळ्याच्या कविता शिकवते. एका वर्षी कॉलेजच्या वार्षिकासाठी लेख लिहिला होता, साहित्यातल्या हिवाळ्यावर. छापून आला तेव्हा इतकी हुरळले, की वांगी घेता घेता मामांनाच वाचून दाखवला. धुकं, दव, पानगळ, विरह. हिवाळा म्हणजे आयुष्याची संध्याकाळ, हिवाळा म्हणजे वार्धक्य. मामा मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होते.

"म्हातारपन?" ते म्हणाले. "हिवाया म्हातारा कावून? कापूस फुटते, तूर भरते, हरबरा घाट्यावर येते, वांग्याले चव येते. हिवाया त जवान गडी हाये. तुह्ये पुस्तकवाले थंड देसातले असतीन." मग जुडी माझ्या पिशवीत टाकत म्हणाले, "अन् यात मेथी कुठी हाये?"

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी वर्गात माझंच म्हणून सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामांना मी ते कधी सांगितलं नाही, त्याची आता चुटपुट लागते.

त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात एकदा मामा एका पायात चप्पल घालून रस्ता ओलांडून आले. दुसरी मागे डांबरावर पडलेली. चहावाला हसला, मीही हसले. "मामा, सकाळी सकाळीच काय घेतली?" मामा खाली बघून म्हणाले, "अरे! सटकली वाट्टे." आणि मागे जाऊन घेऊन आले. त्यांना शुगर होती हे मला माहीत होतं. पण शुगरने पायांचं भान जातं आणि मग हातांचंही जातं, हे डोक्यात आलं नाही. मी कवितेतला अर्थ काढणारी बाई!

त्याच पौषात आमच्याकडचे रोडगे होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती पुन्हा चालायला लागली की शेतात जेवण घालू असा तिचा नवस. आई काठी न घेता बांधापर्यंत चालत गेली, आणि आम्ही सगळ्यांनी डोळे पुसले. मामांनी नेहमीसारखा हात धरला. डोळे मिटले. आणि फार लवकर म्हणाले, "गेला राग. टाका."

मला वाटलं, निखारे अजून लाल दिसतायत. पण मामांपुढे कोण बोलणार?

रोडगे निघाले ते कोळशासारखे. फोडले तर आत ओली कणीक. एकूण एक तसेच. लोकांनी भाजी-भात खाल्ला, कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण माझा मावसभाऊ हात धुताना म्हणालाच, "पुढच्या साली दुसरा मानूस पाहा लागते." मामा चार पावलांवर होते. त्यांनी ऐकलं.

नंतर ते विहिरीच्या कट्ट्यावर एकटेच बसलेले दिसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, आणि माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. तळहातभर फोड आला होता.

"मामा, हात भाजलाय तुमचा!"

"कुठी?" असं म्हणून त्यांनी हात उलटा केला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिले.

मग म्हणाले, "दोन साल झाले, मले काईच समजत नाई. ना ऊन, ना थंड. अंदाजानं चालवून राहिलो होतो. कोनाले सांगजो नको, बाई. भाजी कोनीबी विकीन. हे बापानं माहा हात धरून शिकवलं. हे गेलं त मी कोन?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

पुढच्या रविवारी त्यांना धामणगावकडे एका घरचे रोडगे होते. शनिवारी मेथी देताना हळूच म्हणाले, "तू येशीन का संगं? फकस्त आगीवर हात धरजो."

मी गेले. त्या लोकांना मामांनी सांगितलं, "मॅडम शिकून राहिल्या. पुस्तकात लिहाचं हाये त्याइले." बायका एकमेकींकडे बघून हसल्या, कारण आगीजवळ बाईमाणूस आमच्याकडे सहसा बसत नाही, तिचं काम परातीपाशी. मी पदर खोचून बसले. मामांनी आपला हात धरला, शेजारी मी माझा. डोळे त्यांनी मिटले, पण कान माझ्याकडे होते.

"काय म्हन्ते?"

"भाजतंय हो, मामा."

"मंग राग हाये. थांबा," हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

दहा मिनिटांनी पुन्हा. "भाजते का शेकते?"

"दोन्हीत फरक कसा ओळखायचा?"

"हात मांगं घ्यावासा वाट्टे तोवर भाजते. घ्यावासा वाट्टत नाई, तवा शेकते. मंग टाकाचे."

मी वाट पाहिली. हाताला ओढ होती मागे जायची, मग ती कमी झाली, मग उरलीच नाही. मी मान हलवली. मामा मोठ्यांदा म्हणाले, "गेला राग. टाका!" त्या दिवशीचे रोडगे फोडले तर पदर न् पदर सुटला. लोक मामांच्या पाया पडले, आणि मामा उठून, सगळ्यांसमोर, माझ्या. त्या वेळी मी "नका हो" म्हटलं नाही.

असे आम्ही तीन हिवाळे काढले. कॉलेजातले सहकारी विचारायचे, "दर रविवारी कुठे असता?" मी म्हणायचे, "संशोधन चाललंय." आमची लबाडी कुणाला कळली की नाही, देव जाणे. कळली असेल तर वऱ्हाडी माणसं तोंडाने फटकळ असली तरी काही गोष्टी पोटात ठेवतात, एवढंच म्हणेन.

यंदा दिवाळीनंतर मामांच्या पायाची जखम चिघळली. दवाखान्यात भेटायला गेले तर म्हणाले, "तुह्या लेखातलं खरं होतं बाई थोडं. येते हिवाया मानसाच्या आंगात." आणि वर, "पन मेथी टाकजो त्यात." थंडी पडायच्या आत ते गेले. गल्लीच्या तोंडाशी आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो.

परवा आमच्या शेतात रोडगे होते. आई म्हणाली, मामांच्या नावाने करू. गोवऱ्या खाली बसल्या, माणसं भुकेने कावली. मी आगीजवळ जाऊन बसले, आणि या खेपेला कुणी हसलं नाही. तोच मावसभाऊ परात घेऊन आला. "ताई, टाकाचे का?"

"थांब. अजून राग आहे तिला."

मी डोळे मिटून हात धरला. भाजत होतं. मग कमी भाजायला लागलं. सवयीने मी कान शेजारी लावला. आता विचारतील, काय म्हन्ते? कुणी विचारलं नाही. हात शेकायला लागला. "टाका," मी म्हणाले. भाऊ रोडगे टाकू लागला आणि म्हणाला, "ताई, हात काढ आता."

मला तो मागे घ्यावासा वाटत नव्हता.