भावाच्या रक्ताचा रिपोर्ट

माझ्या धाकट्या भावाला दमा होता आणि मी त्याला मारायचो. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा, अंगाने माझ्याहून धिप्पाड. सेलूजवळ आमची वांगी-टमाट्यांची शेती. बाजाराच्या दिवशी क्रेट उचलायची वेळ आली की त्याला नेमकी धाप लागे. मला ते ढोंग वाटे.

त्या सकाळी माल न्यायला आलेली गाडी हॉर्न देत उभी होती आणि हा बांधावर बसून राहिला. मी काठीने त्याच्या पाठीत दोन हाणल्या. तिसऱ्यांदा हात उचलला तसा तो उठला आणि डोकं खाली घालून माझ्या तोंडावर आदळला. माझा पुढचा दात पडला. मी त्याला खाली पाडलं, छातीवर बसलो, गळा आवळला. तो धडपडायचा थांबला तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. ओठ निळे पडले होते. मी हात काढला, तरी त्याला श्वास घेता येईना.

त्याच गाडीत घालून त्याला वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी गळ्यावरचे वळ पाहून विचारलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतानाच भावाने मान हलवली, काही नाही म्हणून. पुढे रक्ताचा रिपोर्ट आला. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खूप वाढल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्या एका आकड्यावर दमा ठरत नाही. पण नळीत फुंकायच्या तपासणीशी जोडून पाहिलं तर श्वासनळ्यांना आतून सूज आहे, आणि तोंडाने ओढायच्या पंपाचं औषध याला लागू पडायला हवं. बरं वाटलं तरी रोज दोनदा घ्यायचं.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा तसाच. डॉक्टर औषध वाढवायच्या विचारात होते. आधी पंप नियमित घेतो का, ते विचारलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला.

"म्या फोडला," मी म्हणालो.

खरंच फोडला होता. पंपाची सवय लागून माणूस निकामी होतो, असं माझ्या डोक्यात बसलेलं. दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या हातातून हिसकावून टाचेखाली चिरडला. दुसरा आणला तर हात मोडीन, अशी धमकीही दिली होती.

दवाखान्याच्या जिन्यात त्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आदळलं. तोंडावर दोन गुद्दे बसले. मी हात उचलला नाही.

"आता मले हात लावून पाह्यजो," तो म्हणाला आणि एकटाच बसस्टँडकडे गेला.

त्याने आपल्या हिश्श्याची जमीन वेगळी करून घेतली. आता स्वतःचे क्रेट स्वतः उचलतो. माझ्याशी बोलत नाही. तिसऱ्या तपासणीनंतर मी त्याच्या दारात गेलो, तर त्याची बायको उंबऱ्यात आली. मी तिला रिपोर्टचं विचारलं.

"कमी झालं म्हनते डाक्टर," तिने सांगितलं आणि दार लावून घेतलं.